‘बीइंग मॉर्टल’ आणि आईची डावी किडनी

ठाण्याहून डोंबिवलीला मावशीकडे जाताना लेडीज डब्यात एका मुलीने उठून आईला जागा दिली आणि हळूच विचारलं, “कितवा चालूये?” आई तेव्हा बावन्न वर्षांची होती. घरी येऊन तिने हे हसत हसत सांगितलं. वर, “मी पण सांगितलं सातवा, मिळालेली जागा कशाला सोडा,” असंही म्हणाली. बाबा हसले नाहीत. मी हसलो, आणि मग आत जाऊन आरशासमोर टीशर्ट वर करून स्वतःचं पोट बघितलं.

आईला पॉलिसिस्टिक किडनी डिसीज आहे. निरोगी माणसाची किडनी साधारण मुठीएवढी, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. या आजारात तिच्यात पाण्याने भरलेल्या गाठी, म्हणजे सिस्ट, होत जातात. त्या वर्षानुवर्षं वाढतात, चांगला भाग दाबून टाकतात आणि पन्नाशी-साठीपर्यंत अनेकांच्या किडन्या काम करेनाशा होतात. काम संपलं तरी आकार राहतोच. काही रुग्णांत एकेक किडनी काही किलोंची होते. आईचा सीटी स्कॅन पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला पोटात कुणीतरी बबल रॅप गुंडाळून ठेवल्यासारखं वाटलं होतं. जठर, आतडी, सगळं बाजूला सरकलेलं. म्हणून ती अर्ध्या चपातीनंतर “बास” म्हणते. आम्हाला कित्येक वर्षं वाटायचं, उपासतापासाची सवय आहे.

आजार जनुकातून येतो. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी. आजोबा ‘किडनीने गेले’ एवढंच आमच्याकडे बोललं जायचं. मी एकुलता एक आहे. म्हणजे नाणं एकदाच उडालंय, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, आणि ते छापा पडलंय की काटा हे मी अजून पाहिलेलं नाही.

आम्ही टेंभी नाक्याला राहतो, जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आई अडीच वर्षं डायलिसिसवर आहे, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, चार-चार तास. जिना उतरताना तिला पायरी दिसत नाही, पोट आड येतं. एक हात कठड्यावर आणि एक माझ्या खांद्यावर ठेवून ती उतरते. नवरात्रात नाक्यावरची देवी बसली की रस्ता बंद, दिव्यांच्या कमानी, बाहेरगावाहून आलेली गर्दी. मग रिक्षा दारापर्यंत येत नाही आणि डायलिसिसच्या दिवशी आम्ही गर्दीतून वाट काढत जांभळी नाक्यापर्यंत चालतो. आईला मात्र याच दिवसांत घराबाहेर पडायला आवडतं.

गेल्या वर्षभरात तिच्या डाव्या किडनीत तीनदा इन्फेक्शन झालं. सिस्टच्या आतल्या पाण्यात अँटिबायोटिक नीट पोचत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेळी कित्येक दिवस सलाइन. बाबांना मधुमेह आहे, त्यांची किडनी चालणार नाही. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी मुंबईच्या झेडटीसीसीच्या प्रतीक्षायादीत आईचं नाव आहे. पण अंगात इन्फेक्शन असताना प्रत्यारोपण होऊ शकत नाही. म्हणजे त्या आठवड्यांत किडनी चालून आली असती तरी हातची गेली असती. शेवटी किडनीच्या डॉक्टरांनी आम्हाला सर्जनकडे पाठवलं. प्रश्न असा होता: निकामी झालेल्या किडन्या काढून टाकायच्या का?

ही टिपणी एका पुस्तकाबद्दल आहे. ते पुस्तक मी या प्रश्नाचं उत्तर शोधायला वाचलं, म्हणून आधी हे सगळं सांगावं लागलं.

अतुल गावंडे यांचं ‘बीइंग मॉर्टल’ २०१४ साली आलं. माझ्या टीम लीडने ते मला दिलं. आपल्यापैकी कुणाच्या घरी मोठं आजारपण आलं की असं कुणीतरी ते देतंच. गावंडे अमेरिकेतले सर्जन आणि लेखक. त्यांचं घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचं. वडील आत्माराम गावंडे अमेरिकेत गेले, ओहायो राज्यातल्या अथेन्स या छोट्या गावात डॉक्टर झाले, आणि इकडे उमरखेडला त्यांनी आईच्या नावाने कॉलेज उभं केलं. हे आत्माराम गावंडे यूरॉलॉजिस्ट होते. किडन्या काढणं हे त्यांच्या कामात मोडणारं. म्हणजे टेबलाच्या ज्या बाजूला आमचे सर्जन बसले होते, त्या बाजूचा माणूस. या पुस्तकात तो दुसऱ्या बाजूला येऊन बसतो.

२००६ साली त्यांच्या मानेजवळ, मज्जारज्जूच्या आत गाठ सापडली. ऑपरेशन केलं नाही तर हळूहळू हातपाय जातील. केलं तर ते ऑपरेशननेच जाऊ शकतात. ते दोन सर्जनना भेटतात. बॉस्टनमधला पहिला सर्जन लगेच ऑपरेशन करू म्हणतो. आत्मारामांना प्रश्न असतात, ऑपरेशन कसं करणार, काय कापणार, कोणती हत्यारं वापरणार. काही प्रश्नांनंतर तो वैतागतो. दुसरा, क्लीव्हलंडचा एडवर्ड बेन्झेल, खुर्ची वळवून समोर बसतो, एकेक उत्तर देतो आणि मग उलट यांनाच विचारू लागतो की तुम्हाला कशाची काळजी वाटते. दोघे मिळून ठरवतात की थांबायचं. ऑपरेशनच्या भीतीपेक्षा गाठीचा त्रास जड झाला की मग बघू. मधल्या काळात आत्माराम रोटरीचे डिस्ट्रिक्ट गव्हर्नर होतात, गावोगाव फिरून भाषणं करतात. ऑपरेशन होतं ते तब्बल चार वर्षांनी.

अख्ख्या पुस्तकात मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे ‘काय करायचं’ यापेक्षा ‘केव्हा करायचं’ हा प्रश्न मोठा आहे. आजारपणावरच्या आपल्या पुस्तकांत तो सहसा नसतो. आपल्याकडे एक तर पथ्यपाण्याची पुस्तकं, नाहीतर ‘मी मात केली’ची. मात, झुंज, विजय. डायलिसिसवर मात वगैरे काही नसते, मंगळवारनंतर गुरुवार असतो. गावंडे हे ओळखून लिहितात. त्यांच्या पुस्तकात कुणी जिंकत नाही, तरीही ते रडगाणं होत नाही.

एझिकिएल आणि लिंडा इमॅन्युएल यांच्या १९९२ सालच्या एका लेखाचा आधार घेऊन गावंडे डॉक्टरांचे प्रकार सांगतात. एक मायबाप डॉक्टर: मी सांगतो ते करा. दुसरा माहिती देणारा: हे पर्याय, हे आकडे, तुम्ही निवडा. तिसरा अर्थ लावणारा: तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं ते आधी समजून घेतो आणि त्यातून वाट सुचवतो. आपण स्वतः बराच काळ दुसऱ्या प्रकारातले होतो हे ते मोकळेपणाने कबूल करतात. हे वाचलं आणि मला आमची ओपीडी नव्याने दिसली.

सर्जन सज्जन होते. बारा मिनिटं बोलले, मी घड्याळ बघितलं होतं. म्हणाले, “काकू, पर्याय तीन. एक, दोन्ही किडन्या काढायच्या. इन्फेक्शनचा प्रश्न मिटेल, पोट हलकं होईल, जेवण जाईल. पण ऑपरेशन मोठं आहे, रक्तस्राव होऊ शकतो, रक्त द्यावं लागलं तर शरीरात अँटिबॉडी तयार होतात आणि पुढे जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. आणि लघवी पूर्ण थांबेल. दोन, फक्त डावी काढायची. तीन, थांबायचं. काही जणांच्या किडन्या प्रत्यारोपणानंतर आपोआप थोड्या आक्रसतात.” कुठे कुठे किडनीची रक्तवाहिनी आतून बंद करून तिला आकसवतात, तेही त्यांनी सांगितलं. मग हात जोडल्यासारखे करून म्हणाले, “आता तुम्ही ठरवा.”

आई म्हणाली, “तुम्हीच सांगा डॉक्टर.”

“माझं काम सांगायचं. ठरवायचं तुम्ही.”

“तुम्ही म्हणाल तसं.”

पंगतीत शेवटचा लाडू एकमेकांच्या पानात सरकवतात तसा तो निर्णय टेबलावरून दोनदा इकडून तिकडे गेला. मग पुढचा पेशंट आत आला.

गावंडे यांच्या मांडणीतली पहिली अडचण मला इथे दिसते. त्यांचा पेशंट प्रश्न विचारतो. आत्माराम तर सर्जनला सर्जनच्या भाषेत विचारतात. आणि तरीही पहिला सर्जन वैतागलाच. माझी आई एकही प्रश्न विचारत नाही. तिच्या दृष्टीने डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे उलट बोलणं. ती अडाणी नाही, तीस वर्षं तिने पतपेढीत हिशेब सांभाळलेत. पण ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे तिच्या पिढीचं सौजन्य आहे आणि चिलखतही. मायबाप डॉक्टर नको म्हणणाऱ्या पुस्तकाने, पेशंटच मायबाप मागतो तेव्हा काय करायचं हे थोडं अधिक सांगायला हवं होतं. गावंडे हा प्रश्न टाळतात असं नाही. पण त्यांची उदाहरणं बहुतेक अशा माणसांची आहेत, ज्यांना ‘मला’ने सुरू होणारं वाक्य बोलायची सवय आहे.

आमच्या ऑफिसात एक अकरा वर्षं जुनं मॉड्यूल आहे. ते काहीच करत नाही असं सगळे म्हणतात. दोनदा काढून पाहिलं, दोन्ही वेळा पगाराच्या दिवशी कुठेतरी काहीतरी बंद पडलं. आईची निकामी किडनीही अशीच ‘काही न करणारी’ आहे. दिवसाला तीनशे मिली लघवी अजून होते. डायलिसिसवरच्या माणसाने पाणी किती प्यायचं याचा ढोबळ हिशेब असा असतो: जेवढी लघवी होते तेवढं, अधिक पाचशे मिली. म्हणजे आईला आठशे मिली. दोन्ही किडन्या काढल्या तर पाचशे. गेलेले तीनशे मिली म्हणजे दोन कप चहा. सर्जनच्या बारा मिनिटांत ‘लघवी पूर्ण थांबेल’ हे तीन शब्दांत आटोपलं होतं. आईने त्यातून काय ऐकलं ते मला दोन आठवड्यांनी कळलं, बाबांशी बोलताना: “सकाळचा आणि दुपारचा. दोन्ही जातील.” सकाळचा चहा ती गॅलरीत उभी राहून पिते, खाली जांभळी नाक्याच्या बाजारातून येणाऱ्या भाजीच्या पिशव्या बघत. दुपारचा बाबांबरोबर. अडीच वर्षांत तिने आंबा सोडला, नारळपाणी सोडलं, चिंचगुळाची आमटी सोडली. चहा सोडलेला नाही.

पुस्तकात याच्या जवळ जाणारा एक प्रसंग आहे, बहुतेकांना तोच लक्षात राहतो. सुझन ब्लॉक नावाच्या डॉक्टर आपल्या वडिलांना मोठ्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री विचारतात, की जगत राहण्यासाठी काय काय सोसायची तुमची तयारी आहे? वडील प्राध्यापक. ते म्हणतात, चॉकलेट आइस्क्रीम खाता येत असेल आणि टीव्हीवर फुटबॉल बघता येत असेल, तर मला जगायचंय. पुढे गुंतागुंत होते, काही मिनिटांत निर्णय घ्यायचा असतो, आणि मुलीला काय विचारायचं ते ठाऊक असतं: ते आइस्क्रीम खाऊ शकतील का? फुटबॉल बघू शकतील का? आत्मारामांना मात्र हे उत्तर अजिबात पुरेसं वाटत नाही. त्यांना माणसं हवी असतात, माणसांशी बोलणं हवं असतं. दोन माणसं, दोन वेगळ्या किमती. गावंडे हा फरक फार चांगला दाखवतात.

म्हणून मीही एका रात्री आईला विचारलं. आठ दिवस मनात वाक्य घोळवत होतो. “आई, ऑपरेशनमध्ये काही कमीजास्त झालं, तर तुला काय चालेल, काय नाही चालणार?”

आई म्हणाली, “शुभ बोल.”

संपलं. मराठी घरात या प्रश्नाला हे एकच उत्तर असतं आणि त्याच्या पुढे जायला वाट नसते. कमीजास्त, बरंवाईट, ‘काही झालंच तर’. मरणाबद्दल बोलायला आपल्याकडे शब्दच असे आहेत की ते बोलणं मिटवूनच टाकतात. पुस्तकातला तो प्रश्न इंग्रजीत इतका सरळ उभा राहतो, की तो कुठल्याही घरात तसाच उभा राहील असं मी धरून चाललो होतो.

भाषेची अडचण आणखी एका ठिकाणी आली. खालच्या मजल्यावरच्या काकूंना कळलं की आईची किडनी काढायचं चाललंय. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून विचारलं, “कुणाला देताय?” आपल्याकडे किडनी ‘काढली’ म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात, दान किंवा चोरी. पेपरात वाचलेलं असतं, सिनेमात पाहिलेलं असतं. निकामी झाली म्हणून काढली, कुणाला दिली नाही, विकली नाही, ही गोष्ट सांगायला आपल्याजवळ तयार कथाच नाही.

यावरून मला आनंद गांधींचा ‘शिप ऑफ थिसियस’ आठवला आणि मी तो परत बघितला. २०१३ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झालेला, मुंबईत घडणारा सिनेमा. तिसऱ्या गोष्टीतला नवीन हा शेअर दलाल. त्याला नवी किडनी बसलीय. शंकर नावाच्या एका गवंड्याची किडनी चोरीला गेल्याचं त्याला कळतं, आणि आपल्या पोटातली तीच तर नाही ना, या शंकेने तो अस्वस्थ होतो. मग त्या किडनीच्या मागावर थेट स्टॉकहोमपर्यंत जातो. सिनेमाचं नाव जुन्या ग्रीक कोड्यावरून आहे: जहाजाची एकेक फळी बदलत गेलो, सगळ्या बदलल्या, तर ते जहाज तेच राहिलं का? कॉलेजात असताना मी या सिनेमाने भारावून गेलो होतो. या वेळी एक गोष्ट खटकली. किडनीच्या बाबतीत फळी बदलली जातच नाही. बहुतेक प्रत्यारोपणांत जुन्या दोन्ही किडन्या जागच्या जागी राहतात, नवी खाली ओटीपोटात, मांडीच्या सांध्याच्या वर बसवतात. म्हणजे नवीनच्या पोटात तीन किडन्या असणार. सिनेमा नव्या फळीचा मालक शोधत जगभर फिरतो आणि जुन्या फळ्यांकडे एकदाही बघत नाही. कोडं सुंदर आहे, पण ते बदलाचं आहे. आमच्या घरातला प्रश्न न बदललेल्या गोष्टीचा होता. जे निकामी झालंय, जड आहे, अधूनमधून ताप आणतं, तरी दोन कप चहा देतं, त्याचं काय करायचं? नवीनच्या आजीचं काम आजही तितकंच आवडलं, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पुस्तकाकडे परत येतो. गावंडे यांच्या पुस्तकात भारत तीन जागी भेटतो. सुरुवातीला उटी गाव. तिथे त्यांचे आजोबा सीताराम गावंडे जवळपास एकशे दहा वर्षं जगले, घोड्यावर बसून शेतावर नजर ठेवत राहिले, आणि भोवती सतत माणसं होती म्हणून त्यांना ते जमलं. मग दिल्लीतला एक वृद्धाश्रम, जिथे निराधार म्हातारे आणून टाकलेले आहेत. आणि शेवटी वाराणसी, जिथे वडिलांच्या अस्थी गंगेत सोडतात. गावंडे उटीचं कौतुक करून थांबत नाहीत. त्या व्यवस्थेत तरुणांची घुसमट होत होती आणि जमेल त्यांनी त्यातून बाहेर पडणंच पसंत केलं, हे ते लिहितात, आणि ते खरं आहे. पण वाडा, वृद्धाश्रम आणि गंगा यांच्यामधला भारत, म्हणजे साडेचारशे चौरस फुटांची खोली, एक रिटायर्ड नवरा, एक वर्क फ्रॉम होम करणारा मुलगा आणि दारात नवरात्राचा मंडप, तो या पुस्तकात नाही. तिथे एकटेपण नाही आणि एकांतही नाही. आईला ‘तुला काय हवंय’ विचारायचं तर कुठे विचारायचं? किचनमध्ये विचारलं तर बाबांना ऐकू जातं. बाबांना ऐकू जात असेल तर ती बाबांना हवं तेच सांगणार.

तरी विचारलं गेलं ते किचनमध्येच. बाबा बँकेत गेले होते. आई बटाटे चिरून पाण्यात टाकत होती. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून बटाटा चिरून भिजवतात, ते पाणी फेकतात, परत भिजवतात, मग शिजवतात. मी दाराला टेकून उभा होतो आणि या वेळी पुस्तकातला दुसरा प्रश्न वापरला, सोपा: “तुला भीती कसली वाटते?”

ती पाणी ओतत राहिली. मग म्हणाली, “तू रोज माझ्या पोटाकडे बघतोस.”

मी काहीच बोललो नाही.

“ऑपरेशनची भीती आहेच, ती कुणाला नसते. पण मला वाटतं, हे पोट गेलं तर तुझं बघणं जाईल. आणि मग वाटतं, नाही जाणार. तू तुझी सोनोग्राफी कर. रिपोर्ट आण. मग मी सही करते.”

“आई, याचा त्याच्याशी काय संबंध?”

“संबंध कसा नाही? आजोबांनी कधी दाखवलं नाही, म्हणून मला चाळिशीत कळलं. तोवर बीपीने वाट लावली होती. तुला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं तर निदान बीपीची गोळी वेळेवर घेशील. आणि हे बघ, तुझी किडनी मी घेणार नाही. रिपोर्ट चांगला आला तरी नाही. ते डोक्यातून काढ आधी.”

ते माझ्या डोक्यात होतं हे तिला कसं कळलं मला माहीत नाही. आजवर मी सोनोग्राफी का टाळली, याची जी कारणं मी मित्रांना सांगायचो ती सगळी खोटी नव्हती. इन्शुरन्स, लग्नाच्या स्थळांसमोर काय सांगायचं, तिशीच्या आत सोनोग्राफी स्वच्छ आली तरी शंभर टक्के खात्री देता येत नाही वगैरे. पण टेस्ट न करणारा मुलगा पेशंटही नसतो आणि दाताही नसतो. आजार निघाला तर मी आईसारखा. नाही निघाला तर मी तिला किडनी देऊ शकणारा घरातला एकमेव माणूस. दोन्हींपैकी काहीच व्हायचं नव्हतं, म्हणून मी पुस्तकं वाचत होतो.

‘बीइंग मॉर्टल’बद्दलची माझी खरी तक्रार त्या दिवशी मला सापडली, आणि ती अर्धी माझ्या वाचण्याबद्दलची आहे. तीनशे पानं मी स्वतःला अतुलच्या जागी ठेवून वाचली होती. विचारणारा मुलगा, समजूतदार, हातात योग्य प्रश्नांची यादी. पुस्तक वाचकाला त्या जागी बसवतंच. प्रश्न एकाच दिशेने जातात, धडधाकट माणसाकडून आजारी माणसाकडे. वडिलांच्या गाठीचा मुलाच्या शरीराशी काही संबंध नव्हता, त्यामुळे त्या घरात प्रश्न उलटा फिरायचं कारण नव्हतं. आमच्या घरात तो फिरला. आणि तो फिरला तेव्हा आईची ‘किंमत’ कळली. ती आइस्क्रीम आणि फुटबॉलसारखी तिच्या एकटीपुरती नव्हती. काय मिळालं तर काय सोसशील, याचं तिचं उत्तर माझ्या रिपोर्टमध्ये होतं. गावंडे ज्याला स्वतःच्या आयुष्याची गोष्ट स्वतः लिहीत राहणं म्हणतात, त्या कल्पनेत हे कुठे बसवायचं मला कळत नाही. आपल्या शरीराबद्दलचा निर्णय दुसऱ्याच्या शरीराच्या बदल्यात देणं याला ते कदाचित दबाव म्हणतील. मलाही सुरुवातीला ते भावनिक ब्लॅकमेल वाटलं, तसं मी तिला बोललोही. ती म्हणाली, “असू दे ब्लॅकमेल.”

पण हेही कबूल करायला हवं, की भीतीचा प्रश्न आधी विचारायचा, हे मी त्या पुस्तकातूनच शिकलो. आधी भीती, मग इच्छा, मग पर्याय. सर्जनच्या बारा मिनिटांत फक्त पर्याय होते. आईने चहाबद्दल सांगितलं, पोटाबद्दल सांगितलं, ते सगळं निर्णय विचारल्यावर नाही, भीती विचारल्यावर किंवा न विचारताच. पुढच्या भेटीत मी सर्जनना सरळ म्हणालो की लघवी टिकणं आईला फार महत्त्वाचं आहे. ते क्षणभर थांबले, आईकडे वळले आणि विचारलं, “का हो काकू?” आईने चहाचं सांगितलं. ते हसले. मग म्हणाले, “मग डावीच काढू. उजवी राहू दे. लघवी किती टिकेल याची खात्री नाही देत, पण सगळी जाणार नाही. प्रत्यारोपणाची वेळ आली तर उजवीचं तेव्हा बघू.” त्या दिवशीही आम्ही आत तेवढाच वेळ होतो.

तारीख दसऱ्यानंतरची घेतलीय. ती आईने सांगितली, सर्जननी लगेच लिहून घेतली. नवरात्रात तिला देवीला जायचंय, रांगेत उभं राहून, व्हीआयपी पास वगैरे नको. नऊवारी नेसायचा विचार होता, पण निऱ्या खोचायला पोट जागा देत नाही. त्यामुळे सहावारी, आणि नऊवारी पुढच्या वर्षी असं तिने मावशीला फोनवर सांगितलं. मी शेजारीच बसलो होतो.

माझी सोनोग्राफी परवा सकाळी आहे. सेंटरवाल्या मुलीने फोनवर सूचना दिल्या, स्पीकर चालू होता: उपाशीपोटी या, पण पाणी भरपूर प्या, निदान लिटरभर, आणि लघवी रोखून धरा.

आईने बटाट्याचं पाणी ओतता ओतता ते ऐकलं. “मज्जा आहे तुझी,” म्हणाली. “लिटरभर पाणी.”